खेळातला मंत्र

पुनावळे,
सोमवार, सकाळचे साडेदहा

प्रिय स्वानंद,

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून तसेच सोडून देतोस, म्हणून शेवटी तुझ्याच टेबलाशी बसून, तुझ्याच चित्रांच्या वहीतलं पान फाडून हे लिहिते आहे. या फ्लॅटची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे हे तू रागाच्या भरात विसरला असशील. शनिवारी मी म्हटलं की मंत्राचा भाग खेळातून काढू या. त्यावर तू म्हणालास, योगिनी, येत्या शुक्रवारी खेळ बंगळुरूच्या कंपनीला पाठवायचाय आणि तुला आज देव आठवला का, आणि दार आपटून निघून गेलास. तुझा राग रास्त आहे. पण तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे, आणि तीही मी खोटी सांगितली आहे.

हा आपला कॉम्प्युटरवरचा खेळ सुरू झाला तो तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये, तुझ्या गाडीत. मी तुला आमच्या प्लांटमधलं सांगत होते. वेल्डिंगच्या लाइनवर सोळा रोबो, त्यांना कुठे टाके घालायचे ते मी शिकवते, आणि दसऱ्याला त्यातल्या पहिल्याला हळदकुंकू लावून लिंबू-मिरची बांधल्याशिवाय सुपरवायझर लाइन चालू करू देत नाही. तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास आणि घरी जाऊन ते शहर काढलंस. भोसरीपासून चाकणपर्यंत एकच छप्पर, खाली आकाश न पाहिलेली माणसं, मनगटात कंपनीची चिप, शिफ्ट संपली की त्या दिवसाची आठवण कंपनी काढून घेते. आणि त्यात खेळाची नायिका, आपली रखमा. तिच्याकडे बंदूक नाही. ती नुसतं पुटपुटते आणि अंगावर आलेला लोखंडी हात मान खाली घालून थांबतो. शहर तुझं, जादू माझी, अशी वाटणी झाली. मी चार महिने बनावट मंत्र रचले आणि प्रत्येक वेळी तू म्हणालास, हा सिरियलमधला मांत्रिक वाटतो. वाटायचाच.

मग मी अण्णांचा आवाज आणला आणि तुला सांगितलं, अण्णांनी हौसेनं म्हणून दिलंय. स्वानंद, अण्णांनी काही दिलेलं नव्हतं. तुला माझे वडील म्हणजे डबा पोचवणारे, कारखान्याच्या प्रेसशॉपमधले ज्योतीरामकाका एवढंच ठाऊक. पण चाकणला आमच्या चाळीत ते विंचू उतरवणारे म्हणून ओळखले जातात. आष्टीकडच्या त्यांच्या चुलत्यांनी ग्रहणात, कमरेएवढ्या पाण्यात उभं करून तो मंत्र त्यांच्या कानात सांगितला. तो दुसऱ्या कानावर पडू द्यायचा नाही, ज्याचा विंचू उतरवला त्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही आणि आलेल्याला परत पाठवायचं नाही. उतरवून झालं की अण्णा स्वतःच त्या माणसाला कुणाच्या तरी गाडीवर बसवून दवाखान्यात धाडतात, एवढे ते शहाणे आहेत. एका रविवारी दुपारी शेजारच्या शालनबाईंना विटांच्या ढिगाऱ्यात विंचू चावला. अण्णा लिंबाचा डहाळा घेऊन समोर बसले. शेजारी बसलं तरी ऐकू येत नाही इतकं हळू पुटपुटतात ते. मी फोन रेकॉर्डिंगवर लावून त्यांच्या पाठीमागच्या उशीखाली सरकवला. मग फॅनचा आवाज काढला, शालनबाईंचं कण्हणं काढलं, आणि शब्दन् शब्द स्वच्छ झाला. मला इतका आनंद झाला की जेवायचंही सुचलं नाही. चोरी केली असं तेव्हा वाटलंच नाही. शब्दच तर आहेत, असं वाटलं.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. खेळ घेऊ पाहणाऱ्या बंगळुरूच्या कंपनीतल्या बाई कॉलवर ऐकून म्हणाल्या, या आवाजामुळेच आम्हाला तुमचा खेळ हवा आहे. गुरुवारी तू खुशीत तोच भाग मोठ्यानं लावलास आणि दारात अण्णा, हातात भाकरी-ठेच्याची पिशवी. काका या, तुमचंच चाललंय, असं तू म्हणालास. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि आल्या पावली परत गेले. तुला वाटलं, लाजले. मी जिन्यानं मागे धावले. खाली पार्किंगमध्ये ते माझ्याकडे न बघता बोलले, "चोरून घेतलेला कुणालाच लागत न्हाई, पोरी. आन् ज्याचा चोरला त्याच्याकडं बी ऱ्हात न्हाई."

शुक्रवारी संध्याकाळी भंगाराच्या दुकानातला एक जण विंचू चावलेल्या बायकोला उचलून घेऊन आला. अण्णा खाटेवरून उठले नाहीत. माझ्याकडं न्हाई आता ते, तिला दवाखान्यात न्या, एवढंच म्हणाले. मीच रिक्षानं नेलं. इंजेक्शन दिलं, बाई दुसऱ्या दिवशी कामावर गेली. इंजेक्शननंच बरं वाटतं हे मला तू समजावू नकोस, मीही इंजिनियर आहे. पण आलेल्या माणसाला परत पाठवतानाचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. तीस वर्षांत त्यांनी कुणाला परत पाठवलं नव्हतं. तेव्हापासून ते उंबऱ्याशी बसत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. मला एक शब्द बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भीती वाटते, स्वानंद. हा माणूस माझ्यामुळे असाच पडून राहील अशी भीती वाटते.

काल दुपारी मी त्यांच्या पायाशी बसून रडले तेव्हा ते बोलले. एक वाट आहे, चुलत्यांनी सांगून ठेवलेली. घेतलेला परत करायचा. उद्या मंगळवारी चंद्र ग्रहणातच उगवणार आहे. देहूच्या घाटाखाली इंद्रायणीत उतरायचं, मी त्यांच्या कानात तो एकदा म्हणायचा आणि पुन्हा कधी मनातही आणायचा नाही. त्याआधी ते मला तीनदा विचारणार, मागं काही ठेवलंस का. आणि मी तीनदा नाही म्हणायचं. माझ्या फोनमधलं, लॅपटॉपमधलं, सगळं मी काल पुसलं. आता एकच प्रत उरली आहे, तुझ्या या कॉम्प्युटरमध्ये.

मी तासभर त्याच्यासमोर बसले आहे. पासवर्ड मला माहीत आहे, मिनिटभराचं काम आहे. पण या शहरासाठी तू हिंजवडीची नोकरी सोडलीस, आणि हा आवाज गेला तर बंगळुरूच्या बाई बहुधा नाही म्हणतील. मी तुझ्याकडे काय मागते आहे ते मला कळतं. तुला न विचारता पुसलं तर ती माझी दुसरी चोरी होईल, म्हणून हात लावलेला नाही. किल्ली या पत्राखाली ठेवून निघते आहे. उद्या चारच्या आत तू पुसलंस तर एका शब्दानं कळव. नाही पुसलंस तर तेही कळव, मी तुझ्याशी भांडणार नाही. फक्त मग मी पाण्यात उतरणार नाही. तुझ्याशी खोटं बोलले, ते जमलं. त्या पाण्यात उभं राहून अण्णांशी खोटं बोलणं मला जमणार नाही.

तुझीच,
योगिनी