टेस्टिंग रूममधली चक्री

आई,

तुझी चक्री, तो जुना रेकॉर्ड प्लेअर, पुन्हा फिरायला लागली. आधी तेच सांगून टाकते, नाहीतर बाकीचं सांगत बसले की मी कुठे भरकटेन याचा नेम नाही. तुझ्यामागून बाबाही गेल्यावर ती माझ्याकडे मुलुंडला आली आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली तशीच माळ्यावर राहिली. आतलं रबर वाळून दगड झालं होतं. ती चालवून बघावी असं माझ्या कधी मनातही आलं नाही. यंदा दिवाळीआधी माळा साफ करताना तुझ्या नातीने, जिला तू पाहिलंच नाहीस, ती खाली काढली, पुसली आणि मला हाक मारली. "आई, हे काय आहे माहितीये का तुला? लोक वेडे होतात गं यासाठी!" मी म्हटलं, माहितीये, माझ्याइतकं कोणाला माहितीये. तिने फोटो काढून कुठल्यातरी रेकॉर्डवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळच्या आत अंधेरीहून एका गृहस्थांचा फोन. निवृत्त इंजिनिअर. म्हणाले, "प्लेअर विकायचा नसेल तरी हरकत नाही, पण एकदा घेऊन या. मला तो फिरताना बघायचाय."

अंधेरी म्हटलं की मला तुझा गाळाच आठवतो. अंधेरी पूर्वेच्या इस्टेटमधला, जिना चढून डाव्या हाताला. तिथे रेकॉर्ड प्लेअरच्या सुया तयार व्हायच्या. सुट्टीत घाटकोपरच्या चाळीत मला बघायला कोणी नव्हतं म्हणून तू मला एकदा सोबत नेलं होतंस. लांब टेबलं, टेबलांवर भिंगं आणि भिंगांवर वाकलेल्या बायका. प्रत्येकीच्या हातात चिमटा, बांगड्या रबर लावून कोपराकडे सरकवलेल्या. कोणी बोलत नाही. मला आधी वाटलं, साहेबाचा धाक असेल. मग तू कानात सांगितलंस की बोललं की श्वासाने सुई उडते, मग जमिनीवर शोधत बसावं लागतं. पलीकडे काचेची खोली होती, टेस्टिंग रूम. आत एक साहेब कानाला हेडफोन लावून बसलेला आणि त्याच्यासमोर एक भली जड चक्री फिरत होती, तिच्यावर काळी रेकॉर्ड. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, "काय गाणं लागलंय गं?" तू भिंगातून डोळा न काढता म्हणालीस, "माका काय म्हायत."

तेव्हा मला ते उत्तर साधंच वाटलं. घरी येताना बसमध्ये तू स्वतःहून म्हणालीस की लग्नाच्या आधीपासून तू या सुया बसवतेस आणि त्यातली एकही वाजताना ऐकलेली नाहीस. आपल्याकडे रेडिओ होता, तेवढाच.

मग कॅसेटी आल्या. पानाच्या गादीवर, रिक्षात, केशकर्तनालयात, जिकडेतिकडे कॅसेटी. सुयांचं काम आधी अर्ध्यावर आलं, मग थांबलं. त्याच सुमारास बाबांची कुर्ल्याची मिल बंद होती. बाबा फिटर, हातातलं काम गेलेला माणूस दिवसभर घरात काय करणार, तर ते दाराच्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवायचे. अशा दिवसांत तुझा गाळाही बंद झाला. शेवटच्या दिवशी सामान उचलायला मदत म्हणून मी आले होते. मॅनेजर म्हणाले की मशिनरी भंगारात जाणार, त्याआधी ज्याला जे घरी उपयोगी पडेल ते एकेक न्या. बायकांनी टेबलफॅन घेतले. कोणी स्टूल, कोणी भिंतीवरचं घड्याळ. तुझी मैत्रीण तुझ्यासाठी पंखा धरून उभी होती, "घे गं, चांगला चालतोय." तू सरळ टेस्टिंग रूमच्या दाराशी गेलीस आणि म्हणालीस, "साहेब, मला तो प्लेअर द्या."

मॅनेजर हसले नाहीत, हे मला आठवतं. काळजीने म्हणाले, "बाई, याला अॅम्प्लिफायर लागतो, स्पीकर लागतात. नुसता हा नेऊन काय करणार?"

"बघेन मी, साहेब."

रिक्षात ती चक्री आपल्या दोघींच्या मांडीवर होती. साकीनाक्याच्या खड्ड्यांत तू तिच्यावर अशी ओणवी होत होतीस, जसं काही तान्हं मूल आहे. मला मात्र राग आला होता. उन्हाळा होता, आपल्या खोलीवर पत्रा होता आणि मलाही पंखाच हवा होता. हे मी तुला कधी बोलले नाही. बाबा बोलले. तू ती टेबलावर ठेवलीस, आपल्या घरातल्या एकुलत्या एक टेबलावर, आणि बाबा म्हणाले, "सगळ्या बायका पंखे घेऊन गेल्या, आणि तू ही चक्री आणलीस? दोघंही घरी बसलोय आपण. कळतंय का तुला?"

तू पदराने घाम पुसलास. "वारो खिडकेतसून येता. ह्या खंयसून येतला?"

बाबा चप्पल घालून बाहेर निघून गेले.

रेकॉर्ड मीच आणली. गणपती मंडळाच्या पेटीत जुन्या, ओरखडे पडलेल्या रेकॉर्डी होत्या, त्यातली एक लावणीची मंडळाच्या काकांनी देऊन टाकली. तू हात धुतलेस, कोरडे केलेस, वायर लावलीस. चक्री फिरली. तू दांडी उचलून सुई खाली ठेवलीस, आणि काहीच झालं नाही. कसं होणार? अॅम्प्लिफायर नाही, स्पीकर नाही. दारात उभे असलेले बाबा म्हणाले, "मुकी आहे." मी हिरमुसून दांडीला हात लावायला गेले, तर तू माझ्या हातावर फटका मारलास. आयुष्यात मारलेल्या मोजक्या फटक्यांपैकी तो एक. "बोट नको लावू. माझे डोळे गेलेत त्यात." मग तू वाकलीस. आणखी वाकलीस. तुझा कान सुईला जवळजवळ टेकला, आणि तू तशीच थांबलीस. पंखा नव्हता ते बरं झालं, नाहीतर ते ऐकूच आलं नसतं.

"वाजता गो! बाई गाता!"

"कुठे?"

"गप ऱ्हव. हंय कान लाव."

मी दुसऱ्या बाजूने डोकं घातलं. तुझं कपाळ माझ्या कपाळाला लागलं होतं, तेलाचा आणि घामाचा वास येत होता, आणि खरंच, सुईच्या टोकातून एक बाई गात होती. डासाएवढी. ढोलकी म्हणजे कोणी नखाने कागदावर टिचक्या मारतंय इतकीच. पण शब्द कळत होते. आपण बाजू संपेपर्यंत तशाच ओणव्या होतो. उठलीस तेव्हा तुझी कंबर धरली होती आणि तू हसत होतीस. ती सुई तू बसवलेली होती की शेजारणीने, कोण जाणे. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, आमचीच कोणाची तरी, काय फरक पडतो.

बाबांनी कितीतरी दिवस तिच्याकडे पाहिलंही नाही. टेबल गेल्यामुळे जेवण जमिनीवर आलं, त्याबद्दल ते रोज एकदा कुरकुरायचे. तुला औषधांच्या पॅकिंगचं काम मिळालं, विक्रोळीला. एका दुपारी मी शाळेतून लवकर आले तर दार लोटलेलं. आत बाबा टेबलापाशी गुडघ्यांवर बसलेले, डोकं चक्रीवर कललेलं, डोळे मिटलेले. मला बघून ताडकन उठले. "धूळ पुसत होतो." हातात फडकं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ते बाजारात रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जाऊन बसले, तिथून वायरीचा तुकडा आणि पिना घेऊन आले. आपल्या रेडिओच्या पाठीमागे दोन भोकं होती, कशासाठी ते आपल्याला कधी ठाऊकच नव्हतं. बाबांनी त्यात पिना बसवल्या. बिजागऱ्यांनंतर त्यांना प्रथमच खरं काम मिळालं होतं. तू संध्याकाळी दारात आलीस, अजून पिशवी खाली ठेवली नव्हतीस, आणि बाबांनी सुई टेकवली. लावणी सगळ्या चाळीत गेली. शेजारची मंडळी दारात जमली. तू पिशवी हातात धरूनच पूर्ण बाजू ऐकलीस. बाबा तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू फक्त म्हणालीस, "झकास." मालवणी नाही, बाबांच्या भाषेत. ते खूश झाले. नंतरही दुपारी कोणी नसताना तू रेडिओ बंद करून वाकून ऐकायचीस, ते त्यांना माहीत होतं.

तर अंधेरीचे गृहस्थ. रविवारी सकाळी लेक आणि मी टॅक्सीने गेलो. त्यांच्याकडे दर रविवारी चारपाच जण जमतात, सगळे साठीच्या पुढचे. हॉलच्या मधोमध त्यांचं स्वप्नातलं टर्नटेबल. ते खरोखर 'माझं स्वप्न' असंच म्हणतात त्याला. काळ्या दगडाचा बैठा पाया, वर तबकडी पोळपाटापेक्षा जाड. नोकरीभर त्याचं चित्र ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं म्हणे. त्यांची बायको मला म्हणाली, "मला हात लावायची परवानगी नाही हं त्याला. कामवालीलाही नाही." सगळे रेकॉर्डमधल्या झांजेच्या आवाजावरून भांडत होते. वायर बदलल्यावर झांज जास्त मोकळी झाली की नाही. एक म्हणे झाली, दुसरा म्हणे वाट लागली. मला दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं. मी जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होते, उजवा कान गेल्यातच जमा आहे.

तुझी चक्री लेक आधीच त्यांच्याकडे देऊन आली होती, ती त्यांनी नीट करून ठेवली होती. नवं रबर, तेलपाणी, तुझी सुईही तीच. त्यांनी ती मोठ्या स्पीकरला जोडली आणि मी नेलेली तीच जुनी लावणी लावली. छान वाजली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "जरा आवाज पूर्ण बंद कराल?" ते गोंधळले, पण केला. मी त्या सगळ्या अनोळखी पुरुषांसमोर वाकले, डावा कान सुईजवळ नेला. काही नाही. आणखी जवळ. पंखा बंद करायला सांगितला. काहीच नाही, आई. चक्री फिरतेय एवढंच दिसत होतं. मी तशीच वाकून राहिले, कारण वर बघायचं म्हणजे चेहरा दाखवावा लागला असता. मग त्यांना सांगून टाकलं, तू काय करायचीस ते. ते गृहस्थ स्वतः वाकले. बराच वेळ थांबले, सरळ झाले, चष्मा पुसला. "मलाही नाही येत ऐकू," ते म्हणाले. "ताई, खरं सांगू का? ती झांजही मला आताशा येत नाही ऐकू. यांच्यापैकी कोणालाच येत नसणार. वयच तसं आहे. पण म्हणत नाही कोणी." भांडणारे दोघे गालिच्याकडे बघत होते. मग एक जण हसला आणि सगळेच हसले.

त्यांची बायको उपम्याच्या बशा घेऊन आली होती. तिने बशा ठेवल्या, पदर खोचला आणि वाकली. "येतंय की! बारीक आहे, पण येतंय. बाई गातेय कोणीतरी." नवऱ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या त्या दगडाच्या यंत्रात येतं का असं?" मग ती तिथेच वाकून मला एकेक ओळ सांगत राहिली, ऐकेल तशी, सुरात नाही, बातम्या वाचाव्यात तशी. मला सगळे शब्द पाठ होते, तरी मी सांगू दिलं. माझी लेक मागे उभी होती. ती पुढे आली, तिनेही डोकं घातलं, त्या बाईंच्या कपाळाला कपाळ लावून. उपमा गार झाला.

चक्री आता घरी आहे. हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलावर, त्यामुळे माझा जावई कुरकुरतो. कानाच्या डॉक्टरांकडे मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. लेकीने वेळ घेतली आहे, मी बहुतेक रद्द करणार नाही.

आत्ता ती चहा ठेवायला उठली आणि जाताजाता विचारून गेली, इतकं काय लिहितेयस. मी म्हटलं, सोसायटीला अर्ज, पाणी कमी दाबाने येतं म्हणून. खरं सांगितलं असतं तर ती शेजारी येऊन बसली असती, आजी कशी होती विचारत. सांगेन तिला, सांगायलाच हवं. पण आज थोडा वेळ मला तू एकटीलाच हवी होतीस.