वाऱ्याची बाजू

१२ एप्रिल

ती. दादास, सा. न.

आधी पूर्ण वाच, मग घाबर. आईला घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, आता घरच्या माणसांत राहू द्या. शुद्ध चांगली आहे. माझ्या चहाला नावं ठेवण्याइतकी तर नक्कीच. पण सारखं एकच विचारते, माझी अक्का कधी येणार. फोनवर या दोघी बहिणींना एकमेकींचं ऐकूच येत नाही; नुसत्या बोल, बोल म्हणून ओरडत बसतात. तेव्हा तुझ्या आईला घेऊन ये. तुझी ती म्हातारी गाडी चालत असली तर तिच्यातून, नाहीतर दुसऱ्या कशातून. पण लवकर ये.

माझ्यावर लोभ आहेच. या वेळी तो आईसाठी खर्ची घाल.

तुझी मावसबहीण,
ठकू

१६ एप्रिल

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. चहापाशी हसली, मग पदर डोळ्यांना लावला. पिशवी तेव्हाच भरली.

रविवारी सकाळी निघतो. आईचे गुडघे तिला बसची पायरी चढू देत नाहीत, म्हणून गाडीच. गाडीची एक तक्रार होती, उभी राहिली की तापायची. रेडिएटरच्या पुढे एक जादा पंखा असतो. गाडी पळताना समोरून वारा मिळतोच. गर्दीत थांबली की हा पंखा वारा आत ढकलतो. तो जळाला होता. शेजारचे ड्रायव्हरकाका म्हणाले, माझी गाडी न्या, हिचं नंतर बघू. मी नको म्हणालो. खरं सांगू, आपल्या हाताने दुरुस्त केलेल्या गाडीतून आईला तुमच्या दारात उतरवायची हौस होती.

काल देवाचं नाव घेऊन अंगणात काम काढलं. बॅटरीची तार सोडली, पुढची जाळी उतरवली, जुना पंखा हलवून हलवून बाहेर घेतला. आई गाडीच्या पुढ्यातच खुर्ची टाकून बसली होती, स्क्रू पदरात सांभाळत आणि मावशीच्या लहानपणच्या खोड्या सांगत. नव्या पंख्याचा प्लग बसेना, म्हणून तारा कापून जोडल्या. जुन्या तारा उष्णतेने काळ्या पडलेल्या, रंग ओळखू येईना; पण दोनच तर होत्या. एसी लावला आणि पंखा भिरभिरला! मी हात जोडले. आई म्हणाली, काय छान वारा लागतोय रे तोंडावर.

मावशीला सांग, केस विंचरून तयार राहा, अक्का निघाली.

तुम्हा सगळ्यांवर जीव आहे, हे वेगळं काय लिहू.

दादा

४ मे

चि. ठकूस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. फोनवर सांगायला गेलो, जीभ रेटली नाही.

त्या दिवशी मोकळ्या रस्त्याला गाडी सुरेख पळाली. पुढे पुलाचं काम होतं, गाड्यांची रांग. रांगेत शिरलो आणि काटा लाल रेघेवर गेला. बॉनेटमधून वाफ. इंजिन निवू द्यायचं, पाणी घालायचं, थोडं पुढे सरकायचं, की पुन्हा तेच. दुपार तिथेच गेली. आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तुझ्या दारात उतरलो तेव्हा दिवे लागले होते, आणि मावशीची शुद्ध दुपारीच हरपली होती. आई तिचा हात धरून, अक्का आले गं, म्हणत राहिली. त्या हाताने ओळख दिली नाही.

तुम्ही सगळ्यांनी जुनी गाडी म्हणून सोडून दिलंत. परवा मी जाळी पुन्हा उतरवली, गाडी सुरू करून पुढ्यात उभा राहिलो, आणि वारा माझ्या तोंडावर आला. ठकू, तो बाहेर यायलाच नको होता. आत जायला हवा होता. तारा मी उलट जोडल्या होत्या. पंखा उलटा फिरत होता, आतल्या, इंजिनाच्या पंख्याशी भांडत होता. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वारा छान लागतोय म्हणून. मी ती शाबासकी समजलो.

तारा बदलायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. आईला सांगितलेलं नाही. देवापुढे बसतो, पण काय मागावं ते सुचत नाही.

लोभ ठेव असं लिहिण्याचा हक्क उरला की नाही, ते तू ठरव.

दादा

१० मे

ती. दादास, सा. न.

पत्र वाचून तुझ्यावर रागावून बसले. तुझी चूक नव्हती असं लिहिणार नाही. ते तुला पटायचं नाही, मलाही नाही. काकांची गाडी आणली असतीस तर दोघी भेटल्या असत्या.

पण हेही ऐक. आईने त्या दिवशी खरंच केस विंचरून घेतले. दुपारी मीच म्हटलं, अजून कशी आली नाही मावशी. तर मला दटावलं, अक्का शाळेतसुद्धा उशिराच पोचायची, येईल. मग डोळे मिटले. रुसून नाही गेली ती.

आता दुसरं. अक्कामावशी इथे असताना मला म्हणाली होती, मीच पाय अवघडले म्हणून वाटेत गाडी थांबवायला लावली, नाहीतर पुलाची गर्दी व्हायच्या आत निघून गेलो असतो. तेव्हापासून ती हे मनात घेऊन बसली आहे. तिला आज सांग. मग इकडे घेऊन ये. आईची खाट मी अजून हलवलेली नाही.

निघण्याआधी जाळीसमोर कागद धर. आत ओढला जाऊन चिकटला, तरच नीघ.

लोभ आहे. राग ओसरला की पूर्वीइतका होईल.

ठकू

१४ मे

चि. ठकूस आशीर्वाद.

सांगितलं. आई म्हणाली, मला तरी सांगायचंस रे, मी माझ्या गुडघ्यांना शिव्या देत होते.

संध्याकाळी स्वतःच खुर्ची गाडीपुढे ओढून बसली. कागद तिनेच धरला. तो हातातून सुटला आणि जाळीला चिकटला. आई तिथेच बसून राहिली. म्हणाली, आता वारा नाही लागत.

रविवारी काकांच्या गाडीतून येतोय.

दादा