मागचं डावं चाक

डुलुथ, ४ ऑगस्ट १९८६

चि. जनेल हिस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारच्या शर्यतीची बातमी तिथल्या आपल्या शेजारच्या हॅरॉल्डने फोनवर दिली. तिसऱ्या वळणावर पुन्हा गरकन फिरलीस आणि शेवटून दुसरी आलीस म्हणे. शेवटच्याचं इंजिनच बंद पडलं होतं, हेही त्याने आवर्जून सांगितलं. खुब्याचं हाड मोडून मी इथे लेकीच्या घरी पडलोय, रोज बिनमिठाचे उकडलेले बटाटे गिळतोय. पण तेसुद्धा या बातमीइतके घशात अडकत नाहीत.

गाडीचं मागचं सस्पेन्शन मार्चमध्ये मी स्वतः लावलंय. कुठल्या चाकावर किती भार पडायचा ते ठरवणाऱ्या त्या स्क्रूला हात लावायची कुणाची टाप नाही. अठ्ठावीस वर्षं मी एल्क फोर्डच्या मातीच्या ट्रॅकसाठी गाड्या लावतोय, तेव्हा दोष गाडीत शोधू नकोस. तुझ्या बापालाही गाडी चालवता येत नव्हती, पण त्याला ते ठाऊक तरी होतं.

१३ सप्टेंबरला मोसमाची शेवटची शर्यत. पहिल्या पाचांत आलीस तर पुढच्या वर्षीही गाडी तुझी. नाहीतर हॅरॉल्डच्या पोराला, ड्वेनला देणार. वहिनींना नमस्कार. प्रकृतीला जप, डोक्यालाही.

तुझा काका,
आर्डेल

एल्क फोर्ड, ११ ऑगस्ट

तीर्थरूप आर्डेलकाकांस,
सा. न. वि. वि.

हॅरॉल्डने गेल्या सहा वर्षांत शर्यतीत काय केलं, तर बाकावर बसून शेंगदाण्याची टरफलं टाकली. त्याच्या डोळ्यांनी तुम्ही मला बघता, याचं नवल वाटतं.

गाडी वळणात नीट शिरते. बाहेर पडताना गॅसचं पेडल दाबलं, की मागचं डावं चाक मातीत रुतायचं सोडून नुसतं खरवडतं आणि शेपूट पुढे यायला बघतं. हे दर शनिवारी, दर वळणावर होतं. मी गॅस हळू दिला तर ड्वेन शेजारून निघून जातो, आणि जाताना हातही हलवतो.

तुमच्या स्क्रूला हात लावलेला नाही. एवढंच कळवा, मार्चमध्ये वजन कसं घेतलंत? मी तेव्हा नर्सिंगच्या परीक्षेला गेले होते. आई तुम्हाला रूबार्बच्या देठांचा मुरंबा पाठवते आहे. काठी घेतल्याशिवाय चालू नका.

आपली,
जनेल

डुलुथ, १८ ऑगस्ट

चि. जनेल हिस,
आशीर्वाद.

वजन कसं घेतलं, हे तू मला विचारतेस! उद्या पावाला लोणी कसं लावता तेही विचार. चार चाकांखाली चार काटे, टाकी अर्धी भरलेली, टायरची हवा मोजलेली, खालचा वाळका चिखल खरवडून काढलेला. चालक न बसवता वजन घेणारी गाढवं वेगळी. मी स्वतः सीटवर बसलो, हात स्टीयरिंगवर, श्वास रोखून. आणि हॅरॉल्डने आकडे वाचले. मागच्या डाव्या चाकावर उजव्यापेक्षा पंचाहत्तर पौंड जास्त. ना एक कमी, ना एक जास्त. समजलं?

मुरंबा पोचला. आंबट आहे. तरी पाठवत राहा.

आर्डेलकाका

एल्क फोर्ड, २५ ऑगस्ट

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गॅरेजमध्ये उभ्याने वाचलं. काका, तुमचं वजन दोनशे चाळीस पौंड. माझं, बूट आणि हेल्मेट धरून, एकशे वीस. सीट डावीकडे आहे. मी बसले की त्या बाजूचं निम्मं माणूस गायब होतं, मग ते चाक माती कशी धरणार? अख्खा उन्हाळा मी तुमच्या पोटासाठी लावलेली गाडी चालवली आणि गावभर मूर्ख ठरले.

काल मी सीटवर बसले. आईने ॲप्रनवर चष्मा पुसून आकडे वाचले. कमी पडलेलं वजन भरायला सीटमागे शिसं बोल्टने कसलं, डावी स्प्रिंग आवळली, मागचा आस धरणाऱ्या दांड्यांचा उतार पुन्हा लावला. स्क्रूला हात लावायची टाप आहे, असं निघालं.

राग आला असेल तर येऊ द्या. मलाही आलाय. पण औषधं वेळेवर घ्या.

जनेल

डुलुथ, १५ सप्टेंबर

चि. जनेल हिस,
अनेक आशीर्वाद.

तिसरी आलीस. हॅरॉल्डला हे सांगायला दोन दिवस लागले. ड्वेन नववा आला, ते मीच खोदून विचारलं.

वजनाचं म्हणशील, तर एकशे वीस पौंडांचा चालक मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. डोक्यात येणार कुठून? माझा आकडा बरोबरच होता, माणूस चुकीचं होतं. असो, मी शब्दाचा पक्का आहे, गाडी तुझी. फक्त सगळे स्क्रू होते तिथे आणून ठेव. वसंतात येऊन मी पुन्हा नीट लावीन.

आर्डेलकाका

एल्क फोर्ड, २२ सप्टेंबर

तीर्थरूप आर्डेलकाकांस,
सा. न. वि. वि.

गाडी धुऊन शेडमध्ये ठेवली आहे. शिसं काढलं, स्क्रू होते तिथे आणले, किल्ली आईकडे आहे. ड्वेनला द्या, तो जेवणाराही चांगला आहे, आकडा जुळेल.

पुढच्या मोसमात मी ग्लॅडिस प्रुइटबाईंची गाडी चालवणार, त्याही शर्यतीत गाडी उतरवतात. शर्यत संपल्यावर त्यांचा मेकॅनिक हात पुसत आला आणि त्याने पहिलाच प्रश्न माझ्या वजनाचा विचारला. मी सांगितलं, त्याने खिशातल्या वहीत लिहून घेतलं. मला तिथेच रडू फुटलं, काका. आपण आगाऊपणा केला असं वाटून तो बिचारा माझी माफी मागत राहिला.

खुबा जपा. माया आहे तशी राहू द्या, माझीही आहे.

आपली,
जनेल