गाडीतला कागद

गोकर्ण, ४ डिसेंबर २०२४

ती. गोजराक्कास,
धाकट्या सोजरचा स. जयभीम वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत न्हाई, म्हणून पत्रच लिहिते. हिंगोली सोडून बारा दिवस झाले. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढून यांनी आत पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी बसवली, तेव्हा गल्ली हसली होती. आता मी त्या पलंगावर आडवी झोपते आक्का! घरी थंडीत दम्यानं रात्र रात्र बसून काढायची मी. इथं डिसेंबरात अंगावर चादरसुद्धा नको वाटते. समुद्र लई मोठा हाय, एवढंच लिहिता येतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, कुठं ओरखडा न्हाई. पण परवा एकाच चौकातून आमी तीनदा गेलो. कुणाला तरी विचारा म्हणलं, तर माझ्यावर ओरडले. मग गाडी कडेला घेऊन स्टेरिंगवर हात ठेवून बसून राहिले. थकलो म्हणले. गॅसही दोनदा चालूच राहिला. पुण्याला रत्नपालला कळवू नको. पोरगं धावत येईल अन् किल्ली काढून घेईल.

उत्तर उडुपीच्या मोठ्या पोस्टात पोस्टमास्तरच्या पत्त्यावर टाक. वाटसरूचं पत्र ते ठेवून घेतात.

तुझी माया वाटेत पुरवून पुरवून खाणारी,
सोजर

डोंगरकडा, १३ डिसेंबर २०२४

चि. सौ. सोजर हीस,
अ. आ. व जयभीम.

कयाधूला गुडघाभर पाणी असलं तरी माझा पदर धरणारी तू, अन् आता समुद्रात पाय घालून राहिलीस. बरं झालं. इकडं थंडीनं केळीची पानं करपली. माझा विजयकुमार तुरीच्या मागं हाय, माझे कान होते तसेच. माझ्या अंगणवाडीतली लेकरं आता मोठी होऊन रस्त्यात भेटतात अन् तोंड हलवतात. मी नुसती हसते.

आता नीट वाच. तुझ्या दाजींचं असंच सुरू झालं होतं. रानात जायला निघाले अन् दुसऱ्याच्या वावरात जाऊन बसले. मी हसले होते. ते हसणं अजून टोचतं मला. तू हसू नको अन् लपवू बी नको. गाडी तिथंच सोड, रेल्वेनं या. विजयकुमार न्यायला येईल. माणूस हट्टी असला तर संसार चालतो, पण हट्टी माणसाच्या हातात गाडी चालत न्हाई.

हे पत्र मिळाल्या दिवशीच निघ.

लांबून तुझ्या डोक्यावर हात ठेवणारी,
आक्का

उडुपी, २९ डिसेंबर २०२४

ती. आक्कास,
स. जयभीम.

तुझं पत्र वीस तारखेला मिळालं. वाचलं अन् उशीखाली ठेवलं. अजून चार दिवस, असं मनाशी म्हणले. श्वास इतका मोकळा येत होता, की मला लोभ सुटला.

चोवीसला मी भाजीला उतरले. पिशवी घेऊन परत आले तर गाडी न्हाई. सावलीत लावली असेल म्हणून शोधत राहिले. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. संध्याकाळी पोलिसांनी बोलावलं. कोळ्यांच्या एका गावात बाया रस्त्याच्या कडेला मासळी वाळवत बसल्या होत्या. यांनी गाडी एकीच्या पायावरून नेली अन् थांबले न्हाईत. पुढच्या गावच्या बसस्टँडवर फलाटाला गाडी लावून कंडक्टरच्या घंटीची वाट बघत बसले होते. पोलिसांना म्हणले, हिंगोली-जिंतूर ड्युटी हाय. मला ओळखलं, पण गाडी कुठंच लागली न्हाई अशी शपथ घेऊन राहिलेत.

तिचं नाव गिरिजा. पस्तिशीची असेल. डावा पाय गुडघ्याखालून काढला. मी दवाखान्यात गेले. बोली कळत नव्हती, तरी तिच्या सासूनं मला बसायला स्टूल दिलं.

रत्नपाल आलाय. पोलिसांना दाखवायचे गाडीचे कागद शोधताना यांच्या ड्रायव्हर सीटखाली एक पाकीट निघालं. नांदेडच्या डॉक्टरचा कागद, तारीख नऊ ऑगस्ट. स्मरण जाण्याचा आजार, गाडी चालवणं पूर्ण बंद करावं, असं लिहून खाली रेघ मारलेली. अन् त्याखाली, समजलं म्हणून यांची सही. त्यांना ठाऊक होतं आक्का! ठाऊक असून त्यांनी मला बसवलं अन् गाडी काढली.

रत्नपाल म्हणला, हा कागद कुणी बघितलाच न्हाई. म्हाताऱ्या माणसाला अचानक झालं, असंच सांगायचं. तो फाडायला निघाला होता, मी हिसकून घेतला. आता माझ्याजवळ हाय. काय करू सांग.

तुझ्या शब्दासाठी थांबलेली,
सोजर

डोंगरकडा, ६ जानेवारी २०२५

चि. सोजर,
अ. आ.

रत्नपालनं विजयकुमारला फोन केला होता. मावशीला सांगून आईला समजावा म्हणला. विजयनं ते मला पाटीवर लिहून दाखवलं. मी पाटी पुसली.

तुझ्या सोनाजीरावांना आता तुरुंग काय अन् ओसरी काय, दोन्ही परकंच होणार. पण त्या बाईला आपला पाय काहून गेला, हे कळायला पाहिजे. रत्नपालचा राग तुला झेलावा लागंल. माझ्या पत्राचं उशीखाली काय झालं, त्यावर मी एक अक्षर लिहीत न्हाई. ते तुझं तुला ठाऊक.

विजयकुमार उद्या निघतोय. सोबत तुझा स्वेटर दिलाय, परत येशील तेव्हा लागंल.

तुझी खरी वाट बघणारी,
आक्का

उडुपी, २० जानेवारी २०२५

ती. आक्कास,
स. जयभीम.

कागद गुरुवारी फौजदाराच्या टेबलावर ठेवला. त्याआधी गिरिजाकडं गेले. हिंदी येणाऱ्या एका नर्सनं तिला सगळं समजावलं. गिरिजानं एकच विचारलं, मला ठाऊक होतं का. कागदाचं ठाऊक नव्हतं, पण बहिणीचं पत्र चार दिवस लपवलं होतं, असं मी सांगितलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं. सासूनं मला हातानं दार दाखवलं.

रत्नपाल माझ्यावर चिडून पुण्याला निघून गेला. यांना जामीन मिळाला, पण गाव सोडता येत न्हाई. दवाखान्यामागं एक खोली घेतली हाय. विजयकुमार लेकरासारखं करतो.

एका सकाळी हे बराबर होते, तेव्हा विचारलं, काहून केलं असं. म्हणले, घरी थंडीत तुझा श्वास ऐकवत नव्हता, अन् मला दुसरं येतं काय? चालवणंच येतं. मला राग धड धरता बी येईना अन् सोडता बी येईना.

काल गिरिजाला घरी सोडलं. आमी रस्त्याच्या पलीकडं उभे होतो. तिच्या दिरानं तिला उचलून रिक्षात ठेवलं. हे कळवळले. म्हणले, बिचारी, कुणी केलं असंल असं? मी म्हणलं, तुमी केलं. तिथंच खाली बसून रडले. संध्याकाळी जेवताना पुन्हा तेच विचारलं, अन् मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेवढंच रडले. त्यांना दर वेळी ते पहिल्यांदाच कळतं आक्का.

आज अजून विचारलं न्हाई. विचारलं तर काय सांगायचं, हे मात्र मी तुला विचारत न्हाई.

जमलं तर माया ठेव,
तुझी सोजर