मुकादम नाकासमोर चालत नाही

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

धाकट्याचा एका हाताचा नमस्कार. (डाव्या हाताला पट्टी आहे. कारण पुढे येईलच, आणि तू आत्ता मनात आणलंस तितकं ते भयंकर नाही.) भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना ते अजून कठड्याशी भांडतात का? मागच्या पत्रात तू जो प्रश्न चौथ्यांदा विचारलास त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे बाकीचं मोकळेपणाने लिहिता येईल. मी इथे अगदी मजेत आहे. माझी काळजी करू नकोस. मला इथून हलायची काही गरज नाही.

तर मी घोड्यावर बसायला शिकतो आहे. हसून झालं असेल तर पुढे वाच. एकतीस वर्षं लिफ्ट चालवलेल्या माणसाला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि माझा सगळा प्रवास आजवर खालून वर आणि वरून खाली (तोही स्टुलावर बसून). ही गेल्यापासून घरातसुद्धा स्वयंपाकघर, खिडकी, पलंग आणि परत स्वयंपाकघर, एवढीच माझी फेरी. एका दुपारी कारखान्यांच्या मागच्या गल्लीत उगाच हिंडत होतो, तर एका उंच पत्र्याच्या छपराखाली अर्धवट उघडं दार दिसलं. आत भुसा मिसळलेली मऊ वाळू, वरच्या झरोक्यांतून सावकाश उतरणारं ऊन, भिंतींना उंचच उंच आरसे, आणि त्या उन्हात एक करडा घोडा गोल गोल चालत होता. पावलांचा आवाज नाही. आरशातही एक घोडा चालत होता, आणि थोडा वेळ पाहिल्यावर खरा कोणता ते मला सांगता येईना. मी किती वेळ उभा होतो देव जाणे. मधोमध उभ्या असलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या की एकतर आत या नाहीतर दार लावा. दार लावणं मला जमतं, आयुष्यभर तेच केलं, पण त्या दिवशी मी आत गेलो.

या जागेला मानेझ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. घोड्याला वळण लावण्याच्या विद्येला तोच शब्द, ती विद्या शिकवणाऱ्या शाळेला तोच, आणि वाळूच्या त्या चौकोनालाही तोच. (एका शब्दात एवढं सगळं भागवणारे लोक बोलण्याच्या बाबतीत तुझ्या अगदी उलट असावेत. रागावू नकोस.) त्या करड्या घोड्याला सगळे मुकादम म्हणतात, कारण नवा माणूस आला की तो त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघतो आणि नाक फेंदारतो. अठरा वर्षं तो त्याच चौकोनात चालतो आहे. कडेकडेने दोन फेऱ्या, मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरका, मग उलट्या दिशेने दोन फेऱ्या.

आठ महिन्यांत मी पक्का स्वार झालो, असं तुला दोन पत्रांतून कळवलं होतं. ते मागे घेतो. एका दुपारी बाईंचा घसा बसला. मी ऐटीत लगाम हलवला, टाच लावली, चुचकारलं, शेवटी विनवण्या केल्या. मुकादम ढिम्म हलेना. तेव्हा उलगडलं की आठ महिने तो माझं काहीच ऐकत नव्हता. बाई तोंडाने सांगत होत्या आणि तो करत होता. मी नुसतं वरचं सामान. पण ताई, खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. ऊन पाठीवर होतं, खाली त्याचा श्वास वर-खाली होत होता, आणि माझा डोळा लागला. स्वप्नात मी लिफ्टमध्ये होतो. ही आत आली, हातात पिशवी, नेहमीसारखी घाईत. मी सवयीने विचारलं, कितवा मजला? तर माझ्याकडे बघून म्हणाली, “अहो, आता बाहेर या की.” जागा झालो तेव्हा मुकादम तसाच उभा होता, मला पडू न देता, आणि त्याचाही डोळा लागला होता.

त्याच आठवड्यात कळलं की मुकादमची पाठ आता स्वार पेलणार नाही, म्हणून त्याला शाळेतून काढणार. येत्या महिनाअखेरीला म्हातारी जनावरं नेणारा व्यापारी येतो. तो त्यांना कुठे नेतो हे तिथे कोणी विचारत नाही. मी विचारलं. बाईंनी खरारा उचलला आणि घासलेलाच घोडा पुन्हा घासायला लागल्या. मला रात्रभर झोप नाही. सकाळी जाऊन म्हणालो, मला द्या. त्या म्हणाल्या, माळ असेल तर न्या, पण आधी तो बाहेर नाकासमोर चालून दाखवू दे; चार भिंतींबाहेर भांबावणारा घोडा मी कुणाच्याही माळावर सोडणार नाही.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही त्याला बाहेर काढलं. मी दोरी धरून, बाई मागे. गल्लीत दोन्ही बाजूंना भिंती होत्या तोवर शहाण्यासारखा आला. पोस्टासमोरच्या चौकात भिंती संपल्या, आणि मुकादमने शाळा सुरू केली. चौकाच्या कडेकडेने दोन फेऱ्या, मग पोस्टाच्या पेटीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत तिरका, मग उलट्या दिशेने दोन फेऱ्या. बसगाड्या थांबल्या. मी दोरी ओढली, ती हातातून सुटली आणि हाताची साल निघाली. (हेच ते कारण.) पोलिसाने हात वर केल्यावर मुकादम चारी पाय जुळवून उभा राहिला, आणि हात खाली येताच पुन्हा चालू लागला, तेव्हा लोकांना वाटलं पोलीसच त्याला शिकवतो आहे. खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. न्हाव्याने अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच ठेवलं. मी कपाळाला हात लावून पोस्टाच्या पायरीवर बसलो. तो चौथ्यांदा समोरून गेला तेव्हा मला माझं स्वयंपाकघर, खिडकी, पलंग आठवलं आणि चारचौघांत रडू आलं.

मग मी उठलो, दोरीचा नाद सोडला आणि घरी जायला नाकासमोर चालू लागलो. हरलो होतो, दुसरं काय. पुलापर्यंत गेल्यावर खांद्यावर ऊन ऊन श्वास लागला. मुकादम मागे होता. अर्धा मैल सरळ आला होता. पुलावर मी थांबलो, तो थांबला. खाली पाणी चमकत होतं, आणि आम्ही दोघं आरशात बघावं तसं किती तरी वेळ बघत राहिलो. मागून बाई धापा टाकत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, “न्या त्याला.”

बाकी इकडे सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. तुमच्या घरामागचा माळ अजून मोकळाच आहे ना? कुंपण घालायचा खर्च करू नका. तो चौकोनाबाहेर जात नाही.

ता. क. दुसरा. एक अडचण आहे. आम्ही सोमवारीही करून पाहिलं. तो सरळ चालतो तो फक्त माझ्यामागे. बाईंच्याही मागे नाही. तेव्हा माळाकडची ती खोली, जी तू चार वर्षं झाडून ठेवतेस, तिच्यात पेंढा ठेवला नसशील तर बरं. तो गाडीत चढत नाही, म्हणून आम्ही चालत निघू. चार दिवस लागतील, वाटेत चौक आले तर पाच.

ता. क. तिसरा. वर पहिल्याच परिच्छेदात “मला इथून हलायची काही गरज नाही” असं लिहिलं आहे. ते खोडायचं राहिलं आणि आता पाकीट चिकटवतो आहे. तेवढं तू खोड.