मेलेल्या कोकराचा सदरा

४ मार्च
आणखी दोन मेंढ्या गाभडल्या. कोकरं पूर्ण वाढलेली, अंगावर लोकरही आलेली. हाल्व्हर म्हणतो, "थंडी आहे, होतं असं." थंडी काय मोंटानात यंदाच आली!

सासूबाईंनी सुरी हातात दिली. मेलेल्या कोकराचं कातडं सोलायचं आणि पोरक्या कोकराला सदऱ्यासारखं चढवायचं. मेंढी हुंगते, आपलंच समजून पाजते. माझे हात बारीक, म्हणून हे काम माझं. हातमोज्यांनी कातडं निसटतं, म्हणून ते काढून ठेवले. हात कोपरापर्यंत चिकट झाले. सदरा मात्र झकास बसला!

५ मार्च
हाल्व्हरला अजून सांगितलेलं नाही. मला तिसरा महिना. मागच्या वेळी चर्चभर आनंदाने सांगितलं, मग मूल गेल्याचं एकेकाला परत सांगावं लागलं. यंदा चौथा लागेपर्यंत तोंड बंद.

७ मार्च
आज पाच मेंढ्या. ही थंडी नाही.

८ मार्च
जनावरांच्या डॉक्टर ओडेट आल्या. गाभडलेल्या मेंढीची वार उलटसुलट करून पाहिली – जाड, चामड्यासारखी. तपासायला घेतली. म्हणाल्या, "जंतूचं काम दिसतंय. मेंढीच्या अंगात गुपचूप बसतो, ती गाभण राहिली की वारेत शिरतो. मग वार, पाणी, पेंढा, सगळीकडे तोच. दुसरीने चाटलं की तिलाही." आणि गाडीत बसता बसता – "घरात कुणी गरोदर नाही ना? बाईलाही होतो. मूल जातं. कधी बाईही."

"छे हो! आमचं कुठलं एवढं नशीब!" सासूबाई हसल्या.

मीही हसले. हसले मी! मग आत जाऊन हात घासत बसले. नखांच्या कडेला चिरा आहेत. त्यातून काय काय आत गेलं असेल?

१० मार्च
अंग कसकसतंय. ताप की भीती, कळत नाही.

सकाळी ओडेटबाईंचा फोन – तोच जंतू. धावत मेंढ्यांच्या वाड्यापाशी गेले आणि हाल्व्हरला लांबूनच ओरडून सांगितलं. तो जवळ यायला लागला. "हात लावू नकोस! आधी कपडे काढ!" बिचारा बर्फात उभा राहून बूट, कोट, विजार काढतोय आणि विचारतोय, "खरंच? कितवा?" मला हसू आलं आणि रडूही.

दुपारी बिलिंग्जला, दवाखान्यात. बाळाचे ठोके ऐकू आले! रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. मेंढ्यांजवळ फिरकायचं नाही. बाकी वाट पाहायची.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मग वाड्यात मी जाते." रागावल्या असाव्यात.

१३ मार्च
फोन वाजला की हातातलं टाकून धावते. आज दोनदा वाजला. दोन्ही वेळा खाद्यवाला.

१५ मार्च
रक्तात जंतू नाही. तापही उतरला. देवा!

सासूबाईंना मिठी मारायला धावले, तर त्या मागे सरकल्या. "लांब राहा, वाड्यातून आलेय." मग हळूच विचारलं, "हा जंतू इथे कधीपासून असेल गं?"

"ओडेटबाई म्हणतात, कळपात वर्षानुवर्षं राहतो. कुणाला पत्ताही लागत नाही."

त्या पायरीवरच बसल्या. "हाल्व्हरच्या आधी माझी तीन गेली. तिन्ही मार्चमध्ये. सगळे म्हणायचे, हिचंच पोट वाईट." बुटांवरचा पेंढा झटकत म्हणाल्या, "मीही तेच खरं मानलं गं."