फणसाचा चीक आणि माझी चिकाटी

मालवण, जून १९५८. संध्याकाळ.

आज निकाल लागला. मॅट्रिक पास झाले, तिसऱ्या खेपेला, दोन पोरं सांभाळून. शेजारणी पेढे घ्यायला आल्या आणि धाकटे दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "वयनीक अक्कल नाय, पण चिकाटी आसा. फणसाचो चीक तो! एकदा लागलो की सुटाचो नाय." सगळ्या हसल्या. सासूबाईसुद्धा.

अक्कल नाही? मग भूमिती काय नुसती चिकटून सुटली?

मी म्हटलं, "भावोजी, शाळा सोडलास तेव्हा तुमचो चीक खंय गेल्लो?" त्यावर मात्र कोणी हसलं नाही.

मग शब्दकोश उघडला. चीक, चिकट, चिकाटी, सगळी एकाच घरची. म्हणजे शब्दाचं मूळ त्यांनी बरोबर सांगितलं, याचाच जास्त राग आला. पण फणसाला चीक येतो कुठे? कोयता लागतो तिथेच ना?

अक्कल नाही म्हणे!

कुडाळच्या शाळेत बाईंची जागा रिकामी आहे. मुंबईला असलेल्या ह्यांना न विचारताच उद्या तिथे अर्ज द्यायला जाणार, असं सासूबाईंना आत्ता सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा गो. पोरांका मी बघतंय."

बरं वाटलं. पण त्या हसल्या, ते मी विसरणार नाही.